फळ धरलं, पण कुणाचं?

लालबागला आमच्या इमारतीच्या गच्चीवर दोन वर्षांपूर्वी एका भोपळ्यावरून वाद झाला. वाद म्हणजे अगदी हमरीतुमरी नव्हे. पण सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तीन दिवस दुसरा विषय नव्हता, म्हणजे बघा. भोपळा साधारण सहा किलोचा होता. तो वाद मिटला, भोपळाही संपला. पण त्याने माझ्या डोक्यात एक प्रश्न पेरून ठेवला. तो प्रश्न फार जुना आहे, हे पुढे कळलं. त्याबद्दलच आज लिहितो.

आमची जुनी चाळ पाडून तिथे टॉवर झाला तेव्हा आम्ही चौदाव्या मजल्यावर गेलो. गच्चीवर मी दोन निळी पिंपं कापून त्यात माती भरली आणि बाजारातून आणलेल्या भोपळ्याच्या बिया टोचल्या. वेल झकास वाढला. पाण्याच्या पाइपवर चढला, टाकीच्या भिंतीवर पसरला, पिवळीधमक फुलं आली. फुलांमागे लिंबाएवढे भोपळेही दिसू लागले. आणि चार-पाच दिवसांत ते पिवळे पडून गळायला लागले. मी शेणखत घातलं, ताक घातलं, कुणी सांगितलं म्हणून राख टाकली. गळती थांबेना.

आमच्याच मजल्यावर एक मावशी राहतात, कणकवलीकडच्या. गच्चीवर पापड वाळत घालायला आल्या होत्या. माझा उद्योग बघून म्हणाल्या, "खत कित्याक घालतंस, मेल्या? चौदाव्या माळ्यार माशी खंय येतली? तूच माशी हो."

मला कळलं नाही. मग त्यांनी दाखवलं. भोपळ्याच्या वेलावर दोन जातींची फुलं येतात. नर फुलाचा देठ लांब आणि बारीक. मादी फुलाच्या मागे मात्र इवलासा भोपळा आधीपासूनच असतो. तो खरा भोपळा नव्हे, भोपळ्याची नुसती तयारी. नर फुलातला पराग मादी फुलापर्यंत पोचला तरच तो वाढतो, नाहीतर वेल त्याला टाकून देतो. गावाकडे परसात हे काम माश्या आणि भुंगे करतात. आमच्या टॉवरच्या छज्जाला आग्या मोहळ लागलं की दुसऱ्या दिवशी ते जाळायला माणूस येतो आणि डासांसाठी धूर मारला जातो तो वेगळाच. मग पराग नेणार कोण?

मावशींनी एक नर फूल खुडलं, त्याच्या पाकळ्या काढून टाकल्या आणि आतला पिवळा दांडा मादी फुलाच्या मधोमध हलक्या हाताने फिरवला. "झाला लगीन," म्हणाल्या.

हे काम वेळेचं आहे. भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि उन्हं चढली की मिटून जातं. काकडी आणि कारल्याचंही काम सकाळचंच. दुधी आणि दोडक्याची फुलं मात्र दिवस कलल्यावर उमलतात, त्यांच्यासाठी संध्याकाळी वर जावं लागतं. म्हणजे भोपळ्यासाठी फजरनंतर आणि दोडक्यासाठी मगरिबच्या आसपास, असा माझा हिशेब बसला. वांगी, टोमॅटो, मिरची यांच्या एकाच फुलात दोन्ही भाग असतात. फांदीला हलकी टिचकी मारली तरी पुरते. करटोलीचं उलट: नराचा वेल वेगळा, मादीचा वेगळा. एकच वेल लावून पावसाळाभर वाट पाहत बसणारे कितीतरी लोक मी पाहिलेत.

तर पुढे झालं असं की त्या जुलैत मला आठवडाभर गावी, खेड तालुक्यात जावं लागलं. माझ्या मागे मावशी रोज सकाळी वर जाऊन फुलं लावत राहिल्या. मी परतलो तेव्हा एक भोपळा नारळाएवढा झाला होता. तो धरला मी नसताना. दोन महिन्यांनी तो काढणीला आला तेव्हा ग्रुपवर सुरुवात झाली. एक म्हणाले, गच्ची सगळ्यांची, म्हणून भोपळा सगळ्यांचा. दुसरे म्हणाले, पाणी सोसायटीचं. माझं म्हणणं, बी माझं, माती माझी, पिंप माझं. मावशी काहीच बोलल्या नाहीत.

मला सवय अशी की भांडण झालं की पुस्तक उघडायचं. उघडलं आणि चाट पडलो. आमचा प्रश्न पावणेचार हजार वर्षांपूर्वी एका राजाने दगडावर कोरून सोडवला होता.

बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याची कायद्यांची शिळा १९०१ साली इराणमधल्या सूसा इथे सापडली. आज ती पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. तिच्यावरची जवळपास २८० कलमं आपल्याला 'डोळ्याला डोळा' एवढ्यापुरतीच माहीत असतात. पण त्यातली काही कलमं खजुराच्या बागांची आहेत. खजुराचं करटोलीसारखंच असतं: नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं. वाऱ्यावर सोडलं तर फळ थोडं आणि हलकं येतं. म्हणून माणूस नराचे तुरे कापतो, मादीच्या झाडावर चढतो आणि तुऱ्याच्या काड्या तिच्या फुलोऱ्यात खोवून बांधतो. असं केलं की एक नर चाळीस-पन्नास माद्यांना पुरतो, बाकीची जमीन फळ देणाऱ्या झाडांसाठी मोकळी राहते. हम्मुराबीचा कायदा सांगतो की मालकाने बाग या कामासाठी माळ्याकडे सोपवली, तर उत्पन्नाचे दोन वाटे मालकाचे आणि तिसरा माळ्याचा. माळ्याने हे काम केलं नाही आणि त्यामुळे फळ घटलं, तर शेजारच्या बागेत जेवढं आलं त्या मानाने त्याने मालकाला भरून द्यायचं.

म्हणजे पराग लावणाऱ्या हाताला हक्क होता आणि जबाबदारीही होती. दोन्ही लिहून ठेवलेली होती.

या इराकी खजुराचं आणि मुंबईचं नातं जुनं आहे. बसऱ्याचा खजूर गलबतांनी इथे यायचा. रमझानच्या आधी मशीद बंदरला आणि मोहम्मद अली रोडवर जो खजुराचा बाजार भरतो त्याची मुळं त्या व्यापारात आहेत. आणि केवळ खजूरच आला असं नाही. १८४०च्या दशकात लेयर्ड नावाच्या इंग्रजाने निमरूदचे असिरियन राजवाडे खणून काढले. ते दगड टायग्रिस नदीतून बसऱ्याला, तिथून मुंबईला आणि मग लंडनला जायचे. काही पेट्या मुंबईच्या गोदीत उघडल्या गेल्या आणि इथल्या लोकांनी ते दगड लंडनच्याही आधी पाहिले. असिरियन राजवाड्यांतले काही दगडी पट काळा घोड्याच्या वस्तुसंग्रहालयात आजही आहेत. निमरूदच्या पटांवर एक आकृती वारंवार येते: पंख असलेला देवदूतासारखा पुरुष, एका हातात लहान बादली, दुसऱ्या हातात शंकूसारखं काहीतरी, आणि समोर एक कोरीव झाड. १८९०मध्ये टायलर या अभ्यासकाने मांडलं की तो शंकू म्हणजे खजुराचा नर तुरा आहे आणि हे खजुराचं परागीभवन आहे. इतरांना तो शुद्धीकरणाचा विधी वाटतो. वाद अजून मिटलेला नाही. पण ज्या मुलखात फळ धरणं हाताच्या कामावर अवलंबून होतं, तिथे त्या हाताला पंख फुटले असतील तर नवल नाही.

आता मदिनेकडे येऊ. मक्का व्यापाऱ्यांचं गाव, मदिना खजुराच्या बागांचं. हिजरत करून आलेल्या मुहाजिरांना झाडावर चढून तुरे बांधण्याचं काम ठाऊक नव्हतं. अन्सारांनी आधी आपल्या बागा त्यांच्यात वाटून द्यायची तयारी दाखवली. पैगंबरांनी (स.) ते मान्य केलं नाही. मग ठरलं असं की बागेचं फळ दोघांनी वाटून घ्यायचं. ही हकीकत बुखारीत आहे.

दुसरी हकीकत सहीह मुस्लिममध्ये आहे आणि ती आपल्या विषयाची गाभ्याची गोष्ट आहे. लोक नराचे तुरे मादीला लावत होते. पैगंबरांनी विचारलं, हे काय चाललंय? लोकांनी सांगितलं. त्यावर ते म्हणाले, न केलंत तर कदाचित बरं होईल. लोकांनी काम सोडलं. त्या हंगामात फळ हलकं आलं. हे त्यांना कळलं तेव्हा त्यांनी जे सांगितलं त्याचा आशय असा: मी माणूस आहे, दीनबद्दल सांगेन ते धरा, पण हे माझं केवळ एक मत होतं, तुमच्या दुनियेतल्या कामांची जाण तुम्हालाच जास्त आहे.

मी ही हदीस लहानपणी मदरशात ऐकली होती, पण ती दीन आणि दुनिया यांच्यातल्या फरकाचा धडा म्हणून. ती खजुराची आहे, याकडे लक्षच गेलं नव्हतं. गच्चीवर हातात नर फूल धरून उभा राहिल्यावर ती नव्याने कळली. तिथे ज्यांचा शब्द अखेरचा मानला जायचा, त्यांनी झाडावर चढणाऱ्या माणसाला सांगितलं की या बाबतीत तुझा हात माझ्या मतापेक्षा जास्त जाणतो. आपल्याकडे साधा कृषी अधिकारी एवढं म्हणत नाही. मीही मावशींना आधी खताचं पुस्तक दाखवलं होतंच की.

आणि तिसरी गोष्ट, थेट मालकीची. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत ती आहे. कुणी खजुराची झाडं पराग लावून झाल्यावर विकली, तर त्या हंगामाचं फळ विकणाऱ्याचं. घेणाऱ्याने आधीच तशी अट घातली असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे जमिनीचा आणि झाडाचा मालक बदलला तरी फळाचा हक्क कुठे बदलतो, ती रेष पराग लावण्याच्या कामाने आखली. झाड विकता येतं, पण त्यात ओतलेली मेहनत आपोआप विकली जात नाही. पुढे फिकहमध्ये 'मुसाकात' नावाचा करार आला: बाग एकाची, राखण आणि मेहनत दुसऱ्याची, फळात ठरलेला हिस्सा. खैबरच्या बागा तिथल्याच यहुद्यांकडे कसायला ठेवल्या गेल्या तेव्हा वाटा अर्ध्याचा होता. हम्मुराबीच्या माळ्याला तिसरा वाटा मिळत होता, इथे अर्धा.

अर्धा आणि तिसरा हे शब्द मला परके नाहीत. माझे आजोबा रत्नागिरी जिल्ह्यात खोताचे कूळ होते. अर्धेल, तिर्धेल हे शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकलेत. भाताचा अर्धा हिस्सा खोताला, वरकस जमिनीवरच्या नाचणी-वरीचा तिसरा. हिशेब तेच, पण दिशा उलटी. बॅबिलोनमध्ये राबणाऱ्याला काय मिळणार ते लिहिलं होतं. कोकणात त्याच्याकडून काय घेणार ते. आणि त्यावर वेठ वेगळीच. खोत हिंदू होते तसे मुसलमानही होते. आपल्या लोकांनी हे विसरू नये. डॉ. आंबेडकरांनी १९३७च्या सप्टेंबरात मुंबईच्या विधानसभेत खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. ते तेव्हा मंजूर झालं नाही. कायदा झाला तो स्वातंत्र्यानंतर, १९४९ साली. तोवर माझ्या अब्बांनी गाव सोडून परळची वाट धरायचं मनात पक्कं केलं होतं.

परागाच्या कामाकडे परत येतो. हे ज्ञान हजारो वर्षं हातात होतं. बाराव्या शतकाच्या अखेरीस सेव्हिलच्या इब्न अल-अव्वामने शेतीवरचा मोठा अरबी ग्रंथ लिहिला. त्याच्याआधीच्या कितीतरी बागवानांचं शहाणपण त्यात आलं. युरोपात वनस्पतींना नर-मादी असतात हे प्रयोगाने दाखवलं ते कॅमेरारियसने, १६९४ साली. मदिनेचा बागवान आणि कणकवलीची सासुरवाशीण यांना ते दाखवायची गरज नव्हती. पण पुस्तकात आलं की ज्ञानाला मालक मिळतो. आणि ज्याच्या हातात ते होतं त्याचं काय होतं, याची एक गोष्ट सांगतो.

हिंदी महासागरात रियुनियन नावाचं बेट आहे, फ्रेंचांचं. मेक्सिकोहून आणलेला व्हॅनिलाचा वेल तिथे फोफावला, पण शेंग धरेना. मेक्सिकोतल्या माश्या तिथे नव्हत्या. बेल्जियममध्ये मोरेन नावाच्या शास्त्रज्ञाने १८३६ साली काचघरात हाताने शेंग धरवून दाखवली होती, पण मळ्यात भराभर करता येईल अशी रीत कुणाला सापडली नव्हती. सेंट सुझान गावातल्या एका मळ्यावर एदमों नावाचा गुलाम मुलगा होता. त्याच्या मालकाने त्याला भोपळ्याच्या कुळातल्या एका वेलाची फुलं हाताने कशी लावायची ते शिकवलं होतं. म्हणजे मावशींनी मला शिकवलं तेच. १८४१ साली, वय अवघं बारा असताना, त्या मुलाने बांबूच्या बारीक काडीने व्हॅनिलाच्या फुलातला पडदा उचलला आणि अंगठ्याने पराग दाबून बसवला. शेंग धरली. मालकाने त्याला मळ्यामळ्यांवर नेऊन इतर गुलामांना ती रीत शिकवायला लावली. आज मादागास्करपासून केरळपर्यंत व्हॅनिलाची शेंग धरते ती याच रीतीने, एकेक फूल हातात घेऊन.

१८४८मध्ये रियुनियनवर गुलामी संपली. मुलाला स्वातंत्र्य मिळालं आणि अल्बियस हे आडनाव मिळालं. व्हॅनिलातला वाटा मिळाला नाही. पुढे चोरीच्या आरोपावरून त्याला तुरुंगवास झाला. एका नावाजलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञाने ही रीत आपणच शिकवली असा दावा केला. त्या जुन्या मालकाने मात्र एदमोंच्या बाजूने साक्ष दिली, हे त्याच्या पदरात घालायला हवं. १८८० साली एदमों अल्बियस गरिबीतच वारला. हम्मुराबीच्या माळ्याला तिसरा वाटा, मदिनेत अर्धा आणि एकोणिसाव्या शतकातल्या मळ्यावर शून्य. इतिहास नेहमी पुढेच जातो असं कुणी म्हटलं, की मला हा हिशेब आठवतो.

हे लांबचं झालं. आता जवळचं बघू.

अब्बा लालबागच्या एका गिरणीत ब्लो रूममध्ये होते. कापसाच्या गाठी तिथे फोडल्या जायच्या. रात्री घरी आले की त्यांच्या भुवयांवर कापूस असायचा. ज्या वर्षांत ते गाठी फोडत होते, त्याच वर्षांत कापसाच्या शेतात मोठी उलथापालथ चालली होती. १९७० साली सुरतच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-४ हा संकरित कापूस दिला. व्यापारी लागवडीसाठी आलेला जगातला तो पहिला संकरित कापूस. संकरित बी दरवर्षी नव्याने तयार करावं लागतं आणि कापसात ते हातानेच होतं. संध्याकाळी मादी ओळीतली उद्या उमलणारी कळी नखाने सोलायची, तिच्यातला नर भाग काढून टाकायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी नर ओळीतलं फूल आणून तिच्यावर फिरवायचं, खूण बांधायची. एकेक कळी, रोज, हंगामभर. एका एकराला रोज दहाएक माणसं लागतात. अमेरिकेत मजुरी परवडत नाही म्हणून हे जमलं नाही. आपल्याकडे जमलं, कारण हात स्वस्त होते.

हात बहुतेक बायकांचे आणि मुलींचे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आंध्रातल्या कापूस-बियाण्याच्या शेतांत शाळा सोडून राबणाऱ्या हजारो मुलींचं वास्तव पाहण्यांतून पुढे आलं. मुलींची बोटं नाजूक असतात म्हणून त्यांना घेतात, असं सांगितलं जायचं. खरं कारण, मुलींना मजुरी कमी द्यावी लागते.

आपल्या महाराष्ट्रात या कामाचं माहेर म्हणजे जालना आणि त्याला लागून असलेला बुलढाणा जिल्ह्यातला देऊळगाव राजाचा पट्टा. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको ही बियाण्यांची कंपनी काढली. सुरुवात भेंडीच्या बियाण्याने झाली होती. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यांच्या पाठोपाठ अनेक कंपन्या आल्या. देऊळगाव राजाच्या बाजूला गेलात तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना पांढऱ्या जाळीची शेडनेट दिसतात. आत टोमॅटो, मिरची, काकडी यांचे सीड प्लॉट असतात. सकाळी बायका हातात चिमटा आणि परागाची डबी घेऊन ओळींतून फिरत असतात. या कामाला तिकडे सरळ 'क्रॉसिंग' म्हणतात. दुष्काळी टापूत या कामाने अनेक घरं सावरली, मुलं शिकली, हे खरंच आहे. पण पैसा शेतकऱ्याला बियाण्याच्या वजनावर मिळतो आणि बी तपासणीत नापास झालं तर तोही अडकतो. क्रॉसिंग करणाऱ्या बाईला रोज मिळतो, वाटा नाही. तुमच्या-माझ्या गच्चीसाठी आपण जे संकरित बियाण्याचं चकचकीत पाकीट आणतो, त्यातल्या कित्येक बिया अशा एकेका फुलावर एकेका बाईने हात फिरवून झालेल्या असतात. पाकिटावर टोमॅटोचा फोटो असतो.

मी हे अब्बांना सांगत होतो. ते आता पंच्याऐंशीचे आहेत, संध्याकाळी गच्चीवर खुर्ची टाकून बसतात. म्हणाले, "इतकी वर्षं गाठी फोडल्या, पण हा कापूस कुणाच्या हातून आला, हे आम्ही कधी विचारलं नाही. त्यांनीही विचारलं नसेल, तो जातो कुठे."

मग थोडं थांबून म्हणाले, "आमचा वाटा तरी कुठे मिळाला?"

त्यांचा रोख मला कळला. १८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला. अब्बा परत कामावर गेलेच नाहीत. पुढे गिरण्यांच्या जमिनीचं काय करायचं हा प्रश्न आला तेव्हा १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत एक नियम झाला: जमिनीचे साधारण तीन वाटे करायचे. एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. वाचताना मला हम्मुराबीच आठवला. २००१ साली या नियमात दुरुस्ती झाली आणि वाटे पूर्ण जमिनीचे नव्हे, तर बांधकाम नसलेल्या रिकाम्या जमिनीचेच करायचे ठरले. बहुतेक जमिनीवर शेड उभ्या होत्या. वाटे राहिले, वाटायची जमीन आटली. २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. आज आमच्या गच्चीवरून चारी बाजूंना जे टॉवर दिसतात, त्यांच्यात एकेकाळी गाठी फोडणारे, सूत काढणारे, साचे चालवणारे हात किती राहतात, हे लालबाग-परळच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

आपली ही मुंबईसुद्धा मुळात बागांची. गिरगावात फणसवाडी आहे, केळेवाडी आहे, मुगभाट आहे, बोरभाट आहे. वाडी आणि भाट हे बागायतीचे शब्द. आता त्या नावांच्या पाट्या आहेत. कुणी माड शिंपले, कुणी केळी राखल्या, त्यांची नावं कुठल्याच पाटीवर नाहीत. राबणाऱ्या हाताची आठवण ठेवायची नाही, ही सवय आपण गावातून शहरात येताना बरोबरच आणली असावी.

तर भोपळ्याचा निकाल. एवढं सगळं वाचून मी ग्रुपवर मोठ्या ऐटीत लिहिलं: भोपळ्याचे तीन वाटे करू. एक वाटा बी-माती ज्याची त्याचा, म्हणजे माझा. एक पराग लावणाऱ्या हाताचा, म्हणजे मावशींचा. एक गच्ची-पाण्यापोटी सोसायटीचा. लोकांनी अंगठे दाखवले. मला वाटलं, मदिनेपासून पॅरिसपर्यंतचा न्याय मी लालबागेत आणला.

संध्याकाळी मावशी दारात उभ्या. म्हणाल्या, "आणि पाणी कोणी घातल्यान? पाणी सोसायटीचा, खरा. पण टाकयेसून बादली भरून वेलाक रोज कोण घाली होतो? मी फुला लावी होतंय. पाणी वॉचमनान घातल्यान. तू गावाक गेलेलंस."

मी गप्प. ही माहिती मला नव्हतीच, आणि मी विचारलीही नव्हती. इतका इतिहास वाचला, हातांचा हिशेब काढला आणि ज्या हाताने आठ दिवस बादल्या ओतल्या तो माझ्या हिशेबात नव्हता. वॉचमन ग्रुपवर नाही. ग्रुपवर नसलेल्या माणसाचा वाटा ग्रुपवर निघत नाही. हम्मुराबीच्या दगडावरही माळ्याचा तिसरा वाटा आहे. पाटाचं पाणी वळवणाऱ्या पोराचा असेल का, कुणास ठाऊक.

सोसायटीचा वाटा वॉचमनला गेला. सेक्रेटरींनी हरकत घेतली नाही, उलट त्यांनीच नेऊन दिला. मावशींनी त्यांच्या वाट्याचे घारगे केले आणि त्यातले सहा आमच्याकडे पाठवले. अब्बांनी दोन खाल्ले, डॉक्टरांनी गोड बंद केलेलं असताना.

यंदा जूनमध्ये भोपळा पुन्हा लावलाय, शिवाय दोडका आणि एक दुधी. करटोलीच्या दोन गाठी मावशींनी गावाहून आणल्यात. एक नराची, एक मादीची, असा त्यांचा दावा आहे. पिंपावर मी एक कागद प्लास्टिकमध्ये घालून चिकटवलाय. त्यावर तारीख आणि नाव लिहायचं: आज फूल कुणी लावलं, पाणी कुणी घातलं. आतापर्यंत त्यावर चार नावं आली आहेत. सगळ्यात वरचं नाव वॉचमनचं आहे, कारण फजरच्या वेळी माझ्या आधी गच्चीवर तोच असतो.